आडवेरावांचं उभं आयुष्य

आडवेराव घोरण्याचा पगार घेत. हे ऐकून कुणाच्या पोटात दुखलं तर खुशाल दुखू द्यावं, कारण आडवेरावांना स्वतःला ते काम राज्य चालवण्याइतकं जोखमीचं वाटे. गाद्यांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. शिवून आलेली गादी त्यांच्या खोलीतल्या लाकडी चौथऱ्यावर अंथरली जाई. मग आडवेराव चपला काढत, चष्मा खिडकीत ठेवत आणि गादीवर आडवे होत. आधी पाठीवर, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या, शेवटी पालथे. डोळा लागला तर गादी पास, नाही लागला तर नापास. पास गादीवर खडूने गोल, नापास गादीवर फुली. फुली मारताना त्यांचा चेहरा असा होई की न्यायाधीशाने बघून शिकावं.

एकदा एका गादीत त्यांच्या कमरेला काहीतरी टोचू लागलं. त्यांनी फुली मारली, अख्खी गादी उसवायला लावली, कापूस पसरून चिवडून पाहिला. काही निघेना. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्याच मागच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा सापडला. दुसरा एखादा शरमेने घरीच बसला असता. आडवेराव जुडगा वाजवत शिलाईघरात गेले आणि म्हणाले, "बघा, टोचत होतं ना? मी म्हणत नव्हतो?"

शिलाईघरात मावशी बसत. हातातल्या दाभणापेक्षा त्यांची जीभ अणकुचीदार. त्या म्हणाल्या, "धन्य तुमची पाठ! तिला डोकं असतं तर तुमचं लागलंच नसतं."

आडवेरावांनी हे कौतुक समजून घरी सांगितलं.

घरी म्हणजे बायकोला, आणि तिचा सख्खा भाऊ, म्हणजे आडवेरावांचा मेहुणा, त्याच कारखान्यात कापूस भरायला होता. दिवसभर पिंजलेला कापूस खोळीत कोंबायचा आणि शिंकायचं. तो इतका शिंकायचा की पलीकडच्या गल्लीतली माणसं त्यावर घड्याळं लावत. भरलेली गादी खांद्यावर घेऊन तो तपासणीच्या खोलीत आणून टाकायचा आणि दारात रेंगाळायचा. चौथऱ्याकडे त्याची नजर अशी जायची, जशी काही माणसांची दुसऱ्याच्या ताटाकडे जाते.

"दाजी, दमत असाल नाही?" तो विचारायचा.

"तुला काय कळणार!" डोळे मिटूनच आडवेराव म्हणायचे. "जा, शिंक जा."

असं सगळं सुरळीत चाललं असताना मालक थकले, घरी बसले, आणि कारखाना जावईबापूंच्या हाती आला. उभ्या जन्मात जावईबापूंनी एकच मोठं काम केलं होतं, ते म्हणजे मालकांच्या मुलीशी लग्न. पण हल्लीच ते कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि तिथून ध्येय घेऊन आले होते. माणूस बाहेरगावाहून खोकला घेऊन यावा तसं. आणि खोकल्यासारखंच ते एकट्याने ठेवून घेणं त्यांना जमेना. पहाटे उठण्याचं महत्त्व ते इतकं तळमळीने सांगत की ते सांगून होईपर्यंत दुपार व्हायची, आणि पाणी प्यायला ते घरी जायचे ते संध्याकाळीच उगवायचे.

एका सकाळी त्यांनी सगळ्यांना अंगणात गोळा केलं. पिंजणयंत्र बंद. शिलाईयंत्रं बंद. कापसाच्या गाठीवर चढून जावईबापू म्हणाले, "ज्याला ध्येय नाही तो माणूस नाही, तो नुसता कापूस आहे! कुणीही येतो आणि त्याला खोळीत भरतो. आता प्रत्येकाने पुढे येऊन सांगायचं, उभ्या आयुष्यात मला काय करायचं आहे!"

मावशींचा पहिला नंबर लागला. त्या म्हणाल्या, "चहा गार व्हायच्या आत ही सभा संपवायची आहे."

"मोठा विचार करा, मावशी!"

"मग पुढच्या सगळ्या सभाही संपवायच्या आहेत."

लोक खिदळले. जावईबापूंना ते समजलं नाही, पण शिबिरात हसतमुख राहायला शिकवलं असल्यामुळे तेही हसले. मग त्यांचं बोट आडवेरावांकडे वळलं. "तुम्ही! उभ्या आयुष्यात तुम्हाला काय करायचं आहे?"

आडवेराव घसा खाकरत होते, एवढ्यात मागून मेहुण्याचा आवाज आला. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू. "दाजींचं आयुष्य उभं कुठलं, साहेब? त्यांचं सगळं आडवंच गेलं."

अंगणात असा हशा पिकला की गाठींवरचा कापूस उडाला म्हणतात. गडी हसले, शिलाईवाल्या हसल्या, फाटकावरचा म्हातारा पहारेकरी, ज्याला ऐकूच येत नसे, तोही बाकीच्यांकडे बघून हसला. आडवेरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आजवर त्यांना आपल्या कामाचा गर्व होता. ते काम विनोद आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वास्तविक हसण्यावारी नेऊन घोरायला जायचं होतं. पण शहाणपण सुचायला पाठ टेकावी लागते, आणि ते तर उभे होते.

"ठीक आहे!" ते गरजले. "आजपासून हा माणूस आडवा होणार नाही! उभं आयुष्य म्हणजे काय ते दाखवतोच एकेकाला!"

जावईबापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. शिबिरात सांगितलेल्या गोष्टी खऱ्या आयुष्यात घडतात हे ते पहिल्यांदाच पाहत होते. "टाळ्या!" ते ओरडले. टाळ्या झाल्या. मग त्यांना व्यवहार आठवला. "पण गाद्या कोण तपासणार?"

मेहुण्याने खाली मान घातली, अंगावरचा कापूस झटकला आणि घशात हुंदका असल्यासारखा म्हणाला, "कुणीतरी त्याग करायलाच हवा, साहेब."

दुपारच्या आत त्याच्या चपला चौथऱ्याखाली होत्या.

पहिला दिवस आडवेरावांनी ताठ मानेने काढला. कारखानाभर ते छाती पुढे काढून फिरले. पण त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती, कारण ती कळायला माणसाला आयुष्यात थोडं तरी उभं राहावं लागतं. आडव्या माणसाला कुणी काही सांगत नाही. निजलेला माणूस दिसला की लोक पाऊलही जपून टाकतात. उभा माणूस दिसला की त्यांना काम आठवतं.

"उभे आहातच तर," शिलाईवाली म्हणाली, "तेवढी सुतळी द्या."

"उभे आहातच तर," भरणीतला गडी म्हणाला, "त्या टोकाला धरा."

"उभे आहातच तर," पहारेकरी म्हणाला, "जरा फाटकाकडे बघा, मी जेवून येतो." आणि तो असा निवांत जेवला की परत आला तेव्हा त्याला भूक लागली होती.

घरीही तीच गत. आल्या आल्या आडवेरावांनी बायकोला सांगितलं, "मी आता बसणार नाही. आडवा तर मुळीच होणार नाही. ध्येय आहे."

बायकोने त्यांच्याकडे वर-खाली पाहिलं. "डॉक्टरने सांगितलंय?"

"अगं, जावईबापूंनी."

"मग औषध नाही," ती म्हणाली. "बरं, उभे आहातच तर माळ्यावरची पेटी काढा."

त्यांनी पेटी काढली. पेटी काढल्यावर माळा पुसला. माळा पुसल्यावर दिव्याची काच पुसली. जेवणही उभ्यानेच झालं. दुसऱ्या दिवसापासून बायकोने कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरं त्यांच्या मनगटाला बांधायला सुरुवात केली. "भिंतीत खिळा ठोका म्हणून किती वर्षं सांगतेय," ती म्हणाली, "शेवटी खिळाच उभा राहिला." लेकीने त्यांच्या खांद्याला दप्तर अडकवलं. शेजारीण छत्री सुकवायला घेऊन आली, आणि तिला कुणी नाही म्हटलं नाही.

झोप ते कोपऱ्यात, दोन भिंतींना एकेक खांदा लावून घेत. सकाळी केर काढताना बायको त्यांना टोकाला धरून जरा तिरकं करी, पायांखालचं झाडून घेई आणि पुन्हा सरळ करून ठेवी. त्यांना जागही येत नसे. काही दिवसांनी पोपडे धरण्याऐवजी त्या कोपऱ्यातला गिलावा त्यांच्या खांद्यांच्या आकाराचा गुळगुळीत झाला, असं ती माहेरी सांगायची. माहेरच्यांनी विश्वास ठेवला. जावयाबद्दल त्यांची काहीही ऐकायची तयारीच होती.

पण आडवेरावांना खरा त्रास पायांचा नव्हता. खरा त्रास असा होता की मेहुण्याच्या हातून काहीच बिघडत नव्हतं. पहिल्यापासून ते वाट पाहत होते की आता बोंब उठेल, आता गाठी निघतील, गिऱ्हाइकं कमरेला हात लावून फाटकावर येतील आणि म्हणतील, आमचे आडवेराव कुठे आहेत? मेहुणा तर सकाळी पहिल्या गादीवर पडायचा तो दुपारी उठायचा. मधल्या गाद्या गडी त्याच्या अंगाखालून बदलत. एक ओढायचा, एक सरकवायचा. मेहुणा झोपेतच खडू उचलून गोल काढायचा. कधी गोल गादीवर पडे, कधी गड्याच्या पाठीवर. एक गडी तर आठवडाभर "पास" होऊन फिरत होता. आणि कापसापासून सुटल्यामुळे मेहुण्याची शिंकही गेली होती. गल्लीतल्या लोकांची घड्याळं बिघडली, एवढंच काय ते नुकसान.

एके दिवशी लॉजवाला आला, कारखान्याचं जुनं गिऱ्हाईक. आडवेराव फाटकावरच होते. उभे होतेच तर पहारेकऱ्याने काठीही त्यांनाच दिली होती. त्यांनी लॉजवाल्याला बाजूला ओढलं.

"काय, गाठी लागतात ना?"

"कुठे?"

"हल्लीच्या गाद्यांत. खरं सांगा, घाबरू नका. गिऱ्हाईक ओरडत असेल."

लॉजवाल्याने विचार केला. "लागत असतील बुवा. आमचं गिऱ्हाईक रात्री दमून येतं, सकाळी गाडी पकडून जातं. तक्रारीला थांबायला कुणाला वेळ आहे?"

"पण पूर्वीच्या गाद्या? पूर्वी मी तपासायचो त्या?"

"पूर्वी कुणी तपासायचं?" लॉजवाला मनापासून चकित झाला. "मला वाटायचं त्या खोलीत कुणीतरी आजारी असतं. बरं, तुम्ही उभे आहातच तर आत निरोप द्या. आणखी गाद्या पाठवा म्हणावं."

आडवेरावांनी निरोप दिला. देताना त्यांचा आवाज चिरकला. इतकी वर्षं आपण जगाची पाठ सांभाळतोय अशा समजुतीत ते होते, आणि जगाला पाठ असल्याचंही आठवत नव्हतं! पण ते दुःख फार वेळ टिकलं नाही. त्यातून त्यांना एवढंच कळलं की चौथऱ्यावरच्या माणसाला काही येत असावं लागत नाही. मग तो माणूस मेहुणा कशाला? आपणच का नको?

त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्येय धरलं: ती जागा परत मिळवायची. हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं खरं ध्येय, आणि जावईबापूंना ते सांगण्यासारखं नव्हतं.

दुपारी ते तपासणीच्या खोलीत गेले. मेहुणा कुशीवर पडून भिंतीकडे बघत होता.

"काय रे," आडवेराव गोड आवाजात म्हणाले, "तरुण माणूस तू. असं पडून राहण्यात जन्म घालवणार? काही उंच ध्येय नको?"

"होतं ना, दाजी."

"काय होतं?"

"हेच." मेहुण्याने गादीवर थोपटलं. "झालं पुरं. आता ज्यांचं राहिलंय त्यांना संधी मिळू दे."

"अरे, पण माणसाने पुढे जायला हवं!"

"पुढे गेलो तर चौथऱ्यावरून पडेन," मेहुणा म्हणाला आणि कूस बदलली. "दाजी, उभे आहातच तर खिडकी लावा. ऊन येतंय."

आडवेरावांनी खिडकी लावली. लावल्यावर त्यांना स्वतःचा एवढा राग आला की त्यांनी ती पुन्हा उघडली. मग मेहुणा "हं?" म्हणाला, आणि त्यांनी ती परत लावली.

पुढच्या आठवड्यात जावईबापूंनी दुसरी सभा बोलावली. कुणी काय साध्य केलं ते पाहायची सभा. जावईबापूंनी स्वतः काय साध्य केलं होतं ते विचारायची सोय नव्हती. या खेपेला व्यासपीठ म्हणून अंगणात दोन माणसांची रुंद गादी अंथरली होती. लग्नघरातून मागणी आली होती आणि तिची तपासणी सभेतच, सगळ्यांच्या देखत व्हायची होती. मेहुणा आधीच तिच्या मधोमध पडला होता. लोक उन्हात उभे. त्यांतले निम्मे आडवेरावांच्या सावलीत.

"मित्रहो," जावईबापू म्हणाले, "आज मी तुम्हाला एक असा माणूस दाखवतो ज्याने बोललेलं करून दाखवलं!" त्यांनी आडवेरावांना पुढे ओढलं. "हा माणूस त्या दिवसापासून आडवा झालेला नाही. आजपासून कारखान्यात उभं राहण्याची कायमची जागा मी यांना देतो. जिथे कुणी नसेल तिथे हे असतील! आणि तपासनिसाची जागा आता कायमची यांच्या मेहुण्याची. उद्या तसं दारावर रंगवून घेऊ."

कायमची! आडवेरावांच्या गुडघ्यांतून कळ निघाली ती थेट टाळूपर्यंत गेली. समोर ती गादी. ताजा कापूस, घट्ट टाके, उन्हाने ऊबदार झालेली, आणि तिच्यावर बायकोचा भाऊ पसरलेला. रंगाचा ब्रश एकदा दारावर फिरला की मेल्यावरही कुणी आपल्याला आडवं करणार नाही, उभ्यानेच पुरतील, असं त्यांना वाटून गेलं. मागे मावशी शेजारच्या शिलाईवालीला सांगत होत्या, "बरं झालं. यांच्या आधाराने मांडव घालता येईल."

आडवेरावांनी हातातली पहारेकऱ्याची काठी टाकली. चपला काढल्या. चष्मा काढून जावईबापूंच्या हातात दिला. तो त्यांनी घेतलाही, कारण ते उभे होते.

"सरक," आडवेराव मेहुण्याला म्हणाले.

"दाजी, लोक बघताहेत."

"बघू देत. सरक, नाहीतर तुझ्यावर झोपेन."

आणि ते आडवे झाले. सगळ्या हाडांनी एकदम हुश्श केलं. ते अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. बहिऱ्या पहारेकऱ्यानेसुद्धा कोण बोललं म्हणून मागे वळून पाहिलं.

जावईबापूंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. "हे काय? तुमचं ध्येय? उभं आयुष्य?"

भांडावं तर आडवेरावांना उठून बसावं लागलं असतं. मेहुण्याने मात्र झटकन हिशेब केला. आता वाद वाढला, चौकशी झाली, झोपेत काढलेले गोल बाहेर आले, तर चौथरा दोघांचाही जाईल आणि आपण पुन्हा कापसात. त्याने डोळेही उघडले नाहीत.

"साहेब," तो म्हणाला, "ही दोन माणसांची गादी आहे. ती एका माणसाने कशी तपासायची? इतके दिवस मी एकटा निभावत होतो. दाजींनी माझ्यासाठी ध्येय सोडलं. याला म्हणतात मन!"

जावईबापूंनी एकदा या डोक्याकडे पाहिलं, एकदा त्या. रागवावं की भारावून जावं हे त्यांना ठरवायचं होतं, आणि रागवायचं कसं ते शिबिरात शिकवलं नव्हतं.

"संघभावना!" ते अखेर ओरडले. "टाळ्या!"

टाळ्यांच्या आवाजात मेहुणा कुजबुजला, "भिंतीकडची बाजू माझी. रोज. आणि ताईला सांगायचं, ही युक्ती माझी."

"इथं भिंत कुठंय?"

"उद्यापासून खोलीत. कबूल?"

एरवी आडवेरावांनी त्याला चौथऱ्यावरून लोटलं असतं. "कबूल," ते म्हणाले.

"आणि घोरायचं नाही."

आडवेरावांच्या पाठीखाली, अगदी मणक्यावर, नारळाएवढी गाठ लागत होती. मेहुण्याच्या जागी आलेल्या नव्या गड्याची भरणी. जावईबापू चष्मा हातात धरून वाकून विचारत होते, "मग? दोघांचं काय मत? गादी कशी आहे?"

मणका सांगत होता ते आडवेरावांनी ऐकून घेतलं आणि त्याला गप्प बसवलं.

"उत्तम," ते म्हणाले. "असली गादी मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही."

मेहुण्याने खडू पुढे केला. आडवेरावांनी मोठा गोल काढला आणि डोळे मिटले.